निशाणी आणि निवड : दख्खनमधील चित्ररूप ओळखीचा एक विचार

१

महाराष्ट्रात देवगाव या नावाची गावे अनेक आहेत. नामसाम्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी अशा गावांच्या नावाला एखादे उत्तरपद जोडण्याचा प्रघात जुना आहे. तळेगाव दाभाडे या नावात दाभाडे घराण्याचा, तर देऊळगाव राजा या नावात राजे जाधवांचा उल्लेख राहून गेला आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगावाला मात्र कोणा सरदाराचे अथवा जहागीरदाराचे नाव जोडलेले नाही. त्याच्या नावापुढे लागला आहे तो रंगारी हा व्यवसायवाचक शब्द. नीळ, आल, कुसुंबा यांच्या साहाय्याने सूत व कापड रंगविणाऱ्या कारागिराची आठवण देवगाव रंगारी या नावात टिकून आहे.

ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाही. एकाच नावाच्या अनेकांतून एकाला वेगळे काढावयाचे झाल्यास कोणती खूण निवडावी, हा प्रश्न गावापुढे येतो तसा माणसापुढेही येतो. त्याचा चेहरा, त्याचे कूळ, त्याचे काम, त्याचे राहण्याचे ठिकाण, त्याचा गुरू अथवा त्याची आवड, यांपैकी कोणतीही गोष्ट खूण म्हणून चालू शकते. यांपैकी कोणती पुढे करावयाची आणि कोणती झाकून ठेवावयाची, यावरून तो समूह माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे कळून येते. नाणेसंग्राहक, पक्षिनिरीक्षक, दुर्गप्रेमी, बागकाम करणारे यांची जी मंडळे हल्ली भ्रमणध्वनीच्या साहाय्याने चालतात, त्यांतील प्रत्येक सभासदाला आपल्या नावाशेजारी एक लहानसे चित्र लावावे लागते. कित्येक सभासद तेथे स्वतःचा चेहरा न लावता पक्षी, फूल, नाणे अथवा बुरूज यांचे चित्र लावतात. ही रीत अगदी नवी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. दख्खनच्या इतिहासाकडे पाहिल्यास तिची पूर्वपीठिका बरीच लांबवर जाते. त्या पूर्वपीठिकेचा आणि विशेषतः तिच्यातील निवडीच्या प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

देवगाव रंगारी ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांतील जुने खोदकाम इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील समजले जाते. तेथील स्तंभांवर ज्या दात्यांनी आपली नावे कोरविली, त्यांपैकी एक मितदेव नावाचा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, असून तो प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, रहिवासी होता. दुसऱ्या काही लेखांत मगिल या राजवैद्याचा व त्याच्या कुटुंबीयांचा निर्देश आहे. म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली १९५० नंतरच्या दशकात येथे जी साफसफाई व संशोधन झाले, त्यात एक हसरी यक्षमूर्ती उजेडात आली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावरील लेखावरून ती कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविली, असे समजते. सोन्याचे काम करणाऱ्याने दगडाला हात घातला, तरी ओळख सांगताना त्याने आपला मूळ धंदाच सांगितला.

या लेखांतील ओळखीचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. नाव, गाव आणि काम या तीन गोष्टी आल्या की दात्याची ओळख पुरी होत असे. त्याची मुद्रा कशी होती, तो उंच होता की ठेंगणा, याविषयी लेख मौन पाळतात. दान देणाऱ्याला आपला चेहरा मागे राहावा असे वाटत नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. नाणेघाटातील लेण्यात सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी इत्यादी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती भिंतीवर कोरलेल्या होत्या व प्रत्येकीच्या वर तिचे नाव लिहिलेले होते. कालांतराने त्या मूर्ती नष्ट झाल्या. पायांचे अवशेष काय ते उरले आणि वरची नावे मात्र वाचता येतात. आकृतीपेक्षा अक्षर अधिक टिकले, असा हा योगायोग आहे.

चेहरा आणि चिन्ह यांच्यातील सामन्याचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात मिळते. या साठ्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची सुमारे १३,२५० चांदीची नाणी होती. प्रत्येक नाण्यावर नहपानाचा चेहरा. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाणी गोळा करून त्यांवर पुन्हा ठसा मारला. मात्र तो ठसा गौतमीपुत्राच्या चेहऱ्याचा नव्हता. तीन कमानींचा चैत्य अथवा पर्वत आणि उज्जयिनी चिन्ह या नावाने ओळखली जाणारी आकृती, ही सातवाहनांची चिन्हे नहपानाच्या नाका-डोळ्यांवर उमटविण्यात आली. कित्येक नाण्यांवर जुना चेहरा नव्या चिन्हाखालून अजून डोकावतो. पुढे सातवाहन राजांनीही क्षत्रपांच्या धर्तीवर स्वतःच्या मुखाकृतीची चांदीची नाणी काढली. त्यावरून चेहऱ्याची कल्पना त्यांना परकी होती असे ठरत नाही. परंतु विजय जाहीर करावयाच्या क्षणी त्यांनी चिन्हाची निवड केली. चेहरा एका राजाचा असतो व त्याच्याबरोबर जातो. चिन्ह कुलाचे असते व पुढच्याच्या हाती देता येते, हा विचार त्यामागे असावा.

३

राजचिन्हाकडून सामान्य ग्रामस्थाच्या चिन्हाकडे वळताना मध्ये बऱ्याच शतकांचे अंतर पडते. ग्रामस्थांची चिन्हे विपुलतेने आढळतात ती बहामनी सत्तेच्या पश्चात्, विशेषतः निजामशाही, आदिलशाही व मराठेशाहीच्या काळातील मराठी कागदपत्रांत. त्यांत महजर या प्रकाराचे महत्त्व सर्वांत अधिक. वतनाविषयी तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे. तिच्यापुढे वादी-प्रतिवादींचे करीने व साक्षी होत, आणि झालेला निर्णय महजराच्या रूपाने लिहिला जाई. आरंभी हजर असलेल्यांची नामावळी येई आणि सभेतील मंडळी आपल्या मान्यतेची खूण कागदावर करीत. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथामुळे या कागदांचे स्वरूप अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे झाले आहे.

सभेतील बहुतेक मंडळींना लिहिता येत नसे. ज्याला येत नसे त्याचे नाव लिहिणारा कारकून लिही आणि नावाशेजारी एक लहान चित्र उमटे. याच चित्राला निशाणी म्हणत. पाटलाची निशाणी नांगर. शेट्याची तराजू. सुताराची वाकस, न्हाव्याची आरसा, चांभाराची आरी, परटाची मोगरी, महाराची विळा व दोर. प्रांतपरत्वे आणि कागदपरत्वे या चित्रांत थोडाफार फरक पडतो. परंतु ज्याचे जे हत्यार तीच त्याची खूण, हे सूत्र सर्वत्र कायम राहते. ज्याचे हत्यार लेखणी, त्या कुलकर्ण्याचे हस्ताक्षर हीच त्याची खूण होय. मूळ कागदाची नक्कल करावयाची झाल्यास चित्र पुन्हा काढण्याऐवजी निशाणी नांगर अशी शब्दांतच नोंद केली जाई. म्हणूनच छापील साधनग्रंथांत ही चित्रे बहुधा शब्दरूपानेच भेटतात.

निशाणी म्हणून वापरावयाच्या चित्राला काही गुणांची आवश्यकता होती. चार-दोन रेघांत ते काढता आले पाहिजे. बोरूच्या जाड टोकाने व नखाएवढ्या जागेत काढले तरी ते ओळखू आले पाहिजे. शेजारच्या निशाणीशी त्याचा घोटाळा होता कामा नये. आणि वर्षानुवर्षे तेच राहिले पाहिजे, कारण वीस वर्षांनी उद्भवलेल्या तंट्यात तोच कागद पुन्हा बाहेर यावयाचा असे. नांगराचे उभे लाकूड व आडवा इसाड, तराजूची दांडी व दोन पारडी, आरशाचे वर्तुळ व मूठ, या आकृती या सर्व कसोट्यांना उतरतात. चेहरा उतरत नाही. चेहरा चार रेघांत साधत नाही, आणि वीस वर्षांनी तो तोच राहत नाही.

बलुतेदारांच्या प्रचलित यादीत रंगाऱ्याचा समावेश होत नाही. तो कसब्यात अथवा पेठेत राहून अनेक गावांच्या गिऱ्हाइकांचे काम करणारा कारागीर. खुणेची गरज त्यालाही होतीच, पण ती वेगळ्या प्रकारची. दहा घरांचे कापड एका कुंडात पडल्यावर कोणते कोणाचे हे रंगावरून सांगणे शक्य नसते. परटापुढेही हीच अडचण असते, आणि त्याने ती बिब्ब्याच्या रसाने सोडविली. बिब्ब्याच्या रसाने केलेला ठिपका अथवा फुली कितीही धुतली तरी जात नाही. परटाची खूण परक्याला कळत नाही, परंतु परटाला ती पुरेशी असते. खुणेला तिचा समूह ओळखतो, तेवढे बस होते. निशाणीचेही असेच आहे. गावाबाहेरच्या माणसाला नांगर म्हणजे एक अवजार. ज्या गोतात तो महजर झाला त्या गोताला मात्र तो एका विशिष्ट घराण्याचा होकार वाटत असे.

४

निशाणी ही निरक्षराची अडचणीतील सोय होती, एवढेच म्हणून भागत नाही. निशाणी हे वतनाचे अंग होते. पाटीलकीचे वतन भावाभावांत वाटले गेले अथवा त्याचा अर्धा हिस्सा विकला गेला, म्हणजे वाटणीपत्रात अथवा खरेदीखतात शेतीच्या व हक्कांच्या बरोबरीने मानपानाची वाटणी लिहावी लागे. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याचा बैल पुढे कोणाचा, विडा आधी कोणाला, या बाबींच्या मालिकेतच कागदावर नांगर वर कोणाचा व खाली कोणाचा, याचाही निवाडा असे. दोन बोटे वर अथवा दोन बोटे खाली काढलेल्या चित्रावरून पिढ्यान् पिढ्या भाऊबंदकी चाले. यावरून त्या लहानशा आकृतीत घराण्याची प्रतिष्ठा कशी साठविलेली होती, याची कल्पना येते. वेरूळच्या भोसल्यांची गणनाही पाटीलकीची वतने बाळगून असलेल्या घराण्यांतच होते. त्याच कुळात पुढे राजमुद्रा निर्माण झाली, आणि शहाजीराजांची मुद्रा फार्सी असताना शिवाजी महाराजांनी आपल्या मुद्रेसाठी संस्कृत भाषेची व अष्टकोनी आकाराची योजना केली. हीदेखील एक निवडच होती. परंतु ती राजाला शक्य झाली.

गावातील इतरांना ती शक्य नव्हती. येथे या विषयाची दुसरी आणि कठोर बाजू समोर येते. न्हाव्याच्या मुलाला आरसा मिळे तो त्याने मागितला म्हणून मिळत नसे. महाराच्या नावापुढे विळा-दोर येई, कारण गावाने त्याच्याकडून जी कामे करून घ्यावयाची ठरविली होती ती त्या दोन वस्तूंनी सांगता येत. तो शूर होता, गाणारा होता, गुरांच्या रोगांवर त्याला औषधे ठाऊक होती, तरी कागदावर तो दोरच राही. निशाणी माणसाला समूहात जागा देई व त्याच खेपेस त्या जागेशी त्याला बांधून टाकी. गोतसभेत महारालाही स्थान होते आणि गावशिवेच्या तंट्यात त्याच्या साक्षीला मोठे वजन असे, ही गोष्ट खरी. परंतु ज्या चिन्हाने त्याची साक्ष नोंदली जाई त्याच चिन्हाने त्याचे खालचे स्थानही नोंदले जाई, हेही तितकेच खरे. निशाणीच्या पद्धतीचे कौतुक करताना हा हिशेब दृष्टीआड होता कामा नये.

५

मिळालेल्या चिन्हाच्या जोडीने स्वीकारलेल्या चिन्हाचीही एक परंपरा याच भूमीत वाढली. तिचे रूप चित्राचे नसून नाममुद्रेचे आहे. अभंगाच्या अखेरीस संतकवी आपले नाव गुंफतात. ही नाममुद्रा कर्तृत्वाची सही असते आणि त्याबरोबर ती कवीने संप्रदायात स्वतःला कोठे उभे केले हेही सांगते. जनाबाई आपल्या नावाला नामदेवाचे दास्य जोडून घेते. ते दास्य तिने जन्माने पत्करले असो अथवा परिस्थितीने, अभंगात ती ते आपल्या निवडीने मिरविते. चोखामेळ्याचे उदाहरण याहून मर्मभेदक आहे. गावच्या कागदावर ज्याची ओळख विळा-दोरापलीकडे गेली नसती, त्याने अभंगांत आपले स्वतःचे नाव मुद्रा म्हणून वापरले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास भिंतीखाली सापडून त्याचा अंत झाला, पण ती मुद्रा वारकऱ्यांच्या मुखी राहिली.

देवगाव रंगारीच्या परिसराशी अधिक जवळचा संबंध एकनाथांचा. पैठणच्या एकनाथांनी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यावर जनार्दनस्वामींजवळ राहून विद्या व उपासना यांचे शिक्षण घेतले, आणि पुढे आपल्या रचनांत एका जनार्दनी ही मुद्रा योजिली. स्वतःच्या नावाचे निम्मे अक्षर आणि गुरूचे पूर्ण नाव यांची ती जोडणी आहे. नाथांचे कूळ पैठणमधील प्रतिष्ठित विद्वानांचे; भानुदासांसारखा भक्त त्यांचा पणजा. तरीही मुद्रेत कूळ आले नाही, गुरू आला.

नाथांच्या भारुडांत या प्रश्नाला आणखी एक वळण मिळते. तेथे ते वासुदेव होतात, जोशी होतात, गोंधळी होतात, वाघ्या होतात, आणि महारही होतात. एका ब्राह्मण कवीने महाराच्या वाणीने जोहार घालावा, ही घटना सोळाव्या शतकात सामान्य नव्हती. भारुड चालू असेपर्यंत ऐकणाऱ्यापुढे त्या त्या सोंगाचे चित्र उभे असते. शेवटी मुद्रा येते व सोंगामागचा कवी प्रकट होतो. दुसऱ्याचे रूप काही काळ धारण करावे आणि अखेरीस आपली खरी खूण द्यावी, ही रीत नाथांनी लोकांच्या अंगवळणी पाडली. सोंग आणि फसवणूक यांत फरक कोणता, या प्रश्नाचे उत्तर त्या शेवटच्या मुद्रेत आहे. जो खूण देतो तो सोंग घेतो. जो खूण लपवितो तो फसवितो.

याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात सतराव्या-अठराव्या शतकांत दखनी व उर्दू काव्याची जी मंडळी जमली, तिच्यातही निवडलेल्या नावाची प्रथा होती. मुशायऱ्यात येणारा प्रत्येक कवी तखल्लुस, म्हणजे काव्यनाम, धारण करी. सिराज औरंगाबादीचे (१७१५–१७६३) काव्यनाम दिवा या अर्थाचे. लक्ष्मीनारायण शफीक या औरंगाबादच्या लेखकाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चमनिस्तान-ए-शुअरा हा कवींचा परिचयग्रंथ सिद्ध केला. अशा ग्रंथात कवीचा शोध घ्यावयाचा तो त्याच्या काव्यनामाने. धर्म, जात, दरबारातील हुद्दा या गोष्टी चरित्रात येत; प्रवेश मात्र निवडलेल्या नावाने होई. शफीक हा जन्माने हिंदू होता, आणि काव्यनामाखाली तो त्या समूहात सहज सामावला. आवडीच्या पायावर उभ्या राहिलेल्या मंडळात आवडीनेच ओळख ठरावी, या तत्त्वाचे हे या प्रदेशातील एक स्पष्ट उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

६

निशाणीचे चित्र मराठी कागदांवरून मागे हटले ते एकोणिसाव्या शतकात. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटावर राज्यधर कोनाई याच्या पंजाचा ठसा घेतला. त्या प्रयोगापासून सुरू झालेला विचार वाढत जाऊन १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली. ठशांच्या वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. अंगठ्याचा ठसा दोन माणसांचा एक नसतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर नांगराची व आरशाची आवश्यकता सरकारला राहिली नाही.

येथे भाषेने एक गंमत केली आहे. चित्र गेले, पण शब्द गेला नाही. दस्तऐवजावर अंगठा उठविणाऱ्याच्या नावापुढे निशाणी डाव्या हाताचा अंगठा अशी नोंद होऊ लागली. शब्द तोच, मात्र अर्थ पुष्कळ बदलला. नांगर माणूस कोणाचा कोण हे सांगत असे. अंगठा एवढेच सांगतो की तो दुसरा कोणी नव्हे. नांगर गोताला वाचता येई. अंगठा वाचावयाचा तर तज्ज्ञ लागतो. नांगर काढताना पाटलाची मान ताठ राही. अंगठा उठविणाऱ्याला मात्र समाजाने अंगठेबहाद्दर असे हिणविले. उलट पक्षी, अंगठ्यापुढे पाटील आणि महार सारखेच झाले, हा लाभही मोजला पाहिजे. दोर मागे राहिला. १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधी कागदावरील दोर पुसला गेला होता. कामाचा दोर सुटण्यास मात्र हा कायदा यावा लागला.

चित्राने पुन्हा प्रवेश केला तो मतपेटीच्या वाटेने. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाचा दिवा, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय संघराज्यात आले होते, आणि औरंगाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. म्हणजे देवगाव रंगारीच्या मतदारापुढे नांगर व तराजू यांच्या धर्तीची चित्रे पुन्हा उभी राहिली, पण या वेळी ती जन्माने ठरलेली नव्हती. ज्या समाजाच्या नावापुढे पिढ्यान् पिढ्या दोर निघाला, त्या समाजातील डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने हत्ती घेतला. निशाणीच्या दीर्घ इतिहासात याहून अर्थपूर्ण बदल दुसरा दाखविता येणार नाही. १९७७ साली जनता पक्षाने चक्रातील नांगरधारी शेतकरी या चिन्हावर निवडणूक लढविली, तेव्हा पाटलाचा नांगरही सर्वांच्या मालकीचा झाला.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका महाराष्ट्रात पक्षचिन्हांवर होत नाहीत. तेथे उमेदवाराला मुक्त चिन्हांच्या यादीतून निवड करावी लागते. जुन्या निशाणीच्या सर्व कसोट्या येथे पुन्हा लागू होतात. चिन्ह लांबून ओळखू यावे, भिंतीवर रंगविता यावे, दुसऱ्याशी मिळतेजुळते नसावे, आणि गावच्या बोलीत त्याला एका शब्दाचे नाव असावे. ज्या चित्राला नाव नाही ते चित्र प्रचारात टिकत नाही, हा अनुभव गावोगावच्या कार्यकर्त्यांना असतो.

७

या सर्व विवेचनातून चित्ररूप ओळखीचे तीन प्रकार हाती येतात. पहिला प्रकार गोताने दिलेल्या चिन्हाचा. त्यात माणसाला जागा मिळते, पण निवड मिळत नाही. दुसरा शरीराच्या ठशाचा. त्यात नेमकेपणा मिळतो, पण अर्थ मिळत नाही. तिसरा स्वतः पत्करलेल्या चिन्हाचा. त्यात निवड असते व अर्थही असतो, मात्र त्या अर्थाची जबाबदारी निवडणाऱ्यावर पडते. नाममुद्रा, काव्यनाम व निवडणूक चिन्ह हे तिसऱ्या प्रकारात मोडतात. छंदमंडळातील सभासद नावाशेजारी जे चित्र लावतो तेही याच प्रकारातील होय.

असे चित्र निवडताना सभासद जो विचार करतो, तो न कळत जुन्या वाटेनेच जातो. चित्र लहान होते तेव्हा त्यातील बारकावे जातात व केवळ आकृती उरते. म्हणून खंड्या पक्ष्याची चोच चालते आणि संपूर्ण पाणवठ्याचे दृश्य चालत नाही. मंडळातील दहांनी एकाच किल्ल्याचे चित्र लावले तर खूण खूण राहत नाही. चित्र दर आठवड्यास पालटले तर ओळख जमत नाही. आणि ज्याने कधी गड चढला नाही त्याने गडाचे चित्र लावले, तर पहिल्या चर्चेतच मंडळ त्याला ओळखते. परटाची बिब्ब्याची खूण व पाटलाचा नांगर यांच्यामागे जे शहाणपण होते ते असे आजही उपयोगी पडते. चेहरा न लावणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचेही कारण दिसत नाही. पितळखोऱ्याच्या गांधिकाने चेहरा दिला नाही. आपले काम व गाव दिले, आणि ते दोन हजार वर्षे पुरले.

जुन्या निशाणीहून नव्या चित्राचा वेगळेपणा एकाच बाबतीत आहे, परंतु ती बाब फार मोलाची आहे. न्हाव्याचा मुलगा आता आरसा ठेवू शकतो, सोडू शकतो, अथवा त्याच्या जागी सातवाहनांचे नाणे लावू शकतो. आणि नाण्यांविषयी त्याला जे ठाऊक आहे तेवढ्यावर मंडळ त्याची किंमत करते. पोट ज्यावर चालते त्याऐवजी मन ज्यात रमते त्याची खूण पुढे करण्याचा अधिकार पूर्वी संतांना व कवींना होता. तो आता सामान्य माणसाच्या हाती आला आहे. तो किती सहज हाती आला असे वाटते, आणि त्यासाठी किती पिढ्यांना कागदावर आपल्या नावापुढे दोर निघताना पाहावा लागला, याची जाणीव असलेली बरी.

देवगाव रंगारीचे नाव या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधून काढला. १८९७ पासून जर्मनीची कारखान्यातील नीळ बाजारात आली व दख्खनमधील नीळ-आलीच्या कारागिरीचा पाया खचला. हत्यारे अडगळीत गेली. धंद्याचे स्वरूप पालटले. गावाने आपले उत्तरपद मात्र सोडले नाही. ते आता कोणाला विशिष्ट कामाशी बांधून ठेवीत नाही. ज्यांच्या हाताने गावाला ओळख मिळाली त्यांची आठवण तेवढी ठेवते. निशाणीचा भार उतरून तिचा मान शिल्लक राहावा, ही अवस्था गावाला लाभली आहे. माणसालाही ती लाभावी, अशी अपेक्षा बाळगण्यास इतिहासाचा आधार आहे.